जेलमामा

"आज दोन जेल हायेत, सुटायला संध्याकाळ व्हईल," असं मामा एकदा दौंडच्या बसमध्ये फोनवर मोठ्यानं बोलले. शेजारच्या माणसानं मांडीवरची पिशवी उचलली आणि तो मागच्या सीटवर जाऊन बसला. मामांना याचा पत्ताच नव्हता. त्यांचं जेल म्हणजे काचपट्टीवर ओतलेला खरवसासारखा पातळ थर. त्या दिवसापासून आम्ही कंपनीतले सगळे त्यांना जेलमामा म्हणू लागलो.

कुरकुंभच्या एका कंपनीत साप चावल्यावर टोचायचं औषध तयार व्हायचं, घोड्याच्या रक्तातून. त्यात घोड्याची नको ती प्रथिनं उरलेली नाहीत ना, हे मामा तपासायचे. मी तळेगाव ढमढेऱ्याहून नवीन नोकरीला आलेली. मला काम त्यांनीच शिकवलं. "वीज सोडली की परतेक प्रथिन आपापल्या चालीनं पुढं जातं. पण नुसत्या चालीवरनं माणूस वळखू येतं व्हय? मग शेजारच्या चरात अँटिबॉडी सोडायची. ती आपलं प्रथिन बराबर गाठती. गाठ पडली, की तिथं पांढरी कोर उमटती." कोर उमटायला दिवस लागायचा. तोवर त्या टेबलाजवळ कुणी पाय वाजवलेला त्यांना खपत नसे. साहेब आले तरी मामा आधी त्यांच्या बुटांकडे बघायचे.

एकदा माझ्या पट्टीवर एक जास्तीची, पुसट कोर आली, म्हणजे मालात नको ते प्रथिन असल्याची शंका. माल पाठवायचा होता, गाडी दारात उभी. साहेब म्हणाले, "मामा, काचेचा ओरखडा आहे तो. सही करा."

"काचेचा असंल तर उद्या नव्या पट्टीवर दिसायचा न्हाई. गाडी थांबू द्या."

दुसऱ्या दिवशी कोर खरंच आली नाही. साहेब विजयी मुद्रेनं निघून गेले. मामा मात्र माझ्याकडे बघत राहिले. मला रडूच फुटलं. आदल्या दिवशी घाईत मी नमुना उचलायच्या पिपेटचं टोक न बदलता दुसरा नमुना घेतला होता; ती कोर त्या भेसळीचीच होती. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती.

"मामा, ओरखडाच लिहू का?"

"जे झालं ते लिही."

मी वहीत माझी चूक लिहिली. त्यांनी चष्मा पुसला आणि खाली आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'हिला मी शिकवले. सबब चूक माझीही.' साहेबांनी दोघांनाही बोलावून झापलं. बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "बूट लई वाजवतो हा माणूस."

निवृत्तीच्या दिवशी बाहेर हार-पेढ्यांची तयारी चालली होती, आणि मामा आपली आदल्या दिवशीची पट्टी घेऊन माझ्या टेबलाशी आले. "बघा मॅडम, बराबर हाय का." इतक्या वर्षांत मला त्यांनी पहिल्यांदाच 'अहो-जाहो' केलं.

मी पट्टी उजेडात धरली. एका टोकाशी कोर फाटली होती. आजच्या दिवशी कसं सांगायचं? शेवटी मी म्हणाले, "मामा, ही चालणार नाही. पुन्हा लावावी लागेल."

त्यांचा चेहरा असा उजळला, की त्यांना 'पास' ऐकू आलं की काय, असंच मला वाटलं.

"लावा मग," ते म्हणाले, "उद्या मी न्हाई. तुमची तुम्ही लावा." आणि हार घालून घ्यायला बाहेर गेले.