जाळ्यात न शिवलेला तुकडा

शाळेची प्रार्थना आटोपत होती आणि आमच्या गावचा महादू सायकल भिंतीला टेकवून व्हरांड्यात तसाच उभा राहिला. एरवी तो चांद्याला आला की आधी चहा मागतो, मग गावाकडचं सांगतो. त्या दिवशी त्यानं चहा मागितला नाही, तेव्हाच मी ओळखलं. "गुरुजी, सोमादादा गेले ना जी... ताप डोक्यात चढला. उन्हाचे दिवस, तुमच्यासाठी ठेवता नाई आलं. काल सांजेलेच उरकलं." आता लिहितानाही मला लाज वाटते, पण सख्खा भाऊ गेल्याचं ऐकून मी औषधपाणी झालं का हे विचारलं नाही, शेवटी काही बोलला का हेही नाही. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा : "खांदा द्यायले कोनी आलं होतं का?" महादू माझ्याकडे बघतच राहिला. "असं काऊन विचारता जी? अख्खा ढिवरपुरा आला होता." आणि मग मला रडू आलं. आधी आलं नव्हतं.

सोमा माझा थोरला भाऊ. पोंभुर्ण्याकडच्या आमच्या गावात आम्हा ढिवरांची, मासे धरणाऱ्यांची, वस्ती तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून आहे. तिथे जन्मलेला पोर चालायच्या आधी पाण्यात बसतो. दादा तर पाण्यातच वाढला. अंगानं दांडगा, बोलायला कमी, आणि हसला की आधी खांदे हलायचे, आवाज मागाहून यायचा. बाप लवकर गेला, म्हणून मला शिकवायचं त्यानं मनावर घेतलं. "तू जाळ्याले हात लावू नको. एक जन तरी कागदाकडे जाऊ दे घरातला," असं म्हणायचा. त्याची ती हौस त्याला किती महागात पडली, ते पुढे येईलच.

आधी आमच्या जाळ्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कशाला एवढं लागलं ते समजायचं नाही. तलाव गावच्या मालगुजाराचा, म्हणजे जमीनदाराचा, होता. मालगुजार काही देवमाणूस नव्हता. मोठी मरळ त्याच्या घरी पोचलीच पाहिजे, बेगारीची हाक आली की हातातलं टाकून उठलंच पाहिजे, हे सगळं होतं. पण तलावात जाळं टाकताना ढिवराला कोणी अडवत नव्हतं. वैशाखात पाणी उतरलं की मोठं जाळं लागायचं. ते कोणा एकाचं नसे. घरटी एक तुकडा. हिवाळाभर ज्यानं त्यानं आपल्या घरी विणायचा, ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून पक्का करायचा आणि ठरल्या दिवशी पाळीवर आणायचा. तिथे बायामाणसं बसून तुकड्याला तुकडा शिवायची, घरं जशी शेजारी तसेच तुकडे शेजारी, आणि दुपारपर्यंत अख्ख्या वस्तीचं एक जाळं तयार व्हायचं. मासळीचे वाटे माणसांवर पडत नसत, तुकड्यांवर पडत. तुमचा तुकडा जाळ्यात आहे ना, मग तुम्ही आजारी असा, म्हातारे असा, वाटा तुमचा. ज्या घरात पुरुष उरला नाही अशा बाईमाणसाच्या घरचा तुकडा तर नाकारायचाच नाही, हा वस्तीचा पक्का नेम. आमची भागाकाकी, माझ्या धाकट्या काकाची बायको, भर तारुण्यात विधवा झाली. तिला कधी कोणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही, ते या तुकड्यामुळे.

मालगुजारी गेली तेव्हा आम्ही घरोघर गूळ वाटला. तलाव सरकारचा झाला म्हणजे आपलाच झाला, असं धरून चाललो. किती भोळे होतो! पुढच्याच उन्हाळ्यात तहसिलीत लिलाव पुकारला. ढिवरांनी सोसायटी काढावी, मग त्यांना पहिला मान, असं सरकार म्हणालं. आम्ही सोसायटी काढली; तिचे कागद नागपूरला गेले ते गेलेच, आणि इकडे तलाव बाहेरच्या ठेकेदाराला देऊन मोकळे झाले. तरी वस्तीत कोणाला घोर नव्हता. "जाळं त आपल्या घरी हाये न! तुकडेच नाई देले त ठेकेदार काय धोतरानं मासे धरंल?" यावर सगळे पोट धरून हसत होते. आमच्या लोकांना खरंच वाटत होतं की मोठं जाळं म्हणजे अशा तुकड्यांचंच असतं, दुसरं कसलं असूच शकत नाही. ठेकेदार बैलगाड्यांवर तयार जाळं घालून आला. माणसंही त्याचीच. त्यांनी बोटाएवढी पिल्लंसुद्धा सोडली नाहीत. तलाव गाळापर्यंत धुऊन नेला आणि गेले. आमचे तुकडे घरोघर खुंटीवर कोरडे राहिले.

मग सरकारचे डोळे उघडले म्हणायचे. तलाव मत्स्य खात्यानं ताब्यात घेतला. रोहू-कतल्याचं बी, म्हणजे माशांची पिल्लं, सोडणार, ते वाढेपर्यंत मासेमारी सक्त बंद, हातजाळीसुद्धा पाण्याला लावायची नाही, असा हुकूम निघाला. तोवर ढिवरांनी खायचं काय, याबद्दल हुकुमात अवाक्षर नव्हतं. राखणीला चौकीदार हवा होता, आणि तो गावचाच हवा होता. खात्याचा साहेब तरुण होता, आणि वाईट नव्हता. तो वाईट असता तर बरं झालं असतं, शिव्या तरी देता आल्या असत्या. त्यानं दादाला समोर खुर्ची दिली. आमच्या सात पिढ्यांत सरकारी माणसानं कोणाला खुर्ची दिली नव्हती. मी तेव्हा मास्तरकी शिकायला नॉर्मल स्कूलला जायचं म्हणत होतो आणि घरात दाणा नव्हता. दादानं चौकीदारी धरली आणि वस्तीला सांगितलं, "पाळीवर आपलाच मानूस असंल त आपल्यायले कोन अडवंल? मी आडोसा करतो, तुमी घ्या थोडंथोडं." लोकांना पटलं. त्यालाही पटलं होतं, हे मी शपथेवर सांगेन.

काही महिने ते चाललंसुद्धा. दादा पाळीच्या एका टोकाला खाकरायचा, दुसऱ्या टोकाला बाया झिंगे धरायच्या. आणि एक दिवस साहेबाची जीप न सांगता आली. भागाकाकी कमरेएवढ्या पाण्यात होती, हातजाळी हातात. दादा खाकरला, पण काकीला ऐकू कमी यायचं. साहेब म्हणाला, "चौकीदार, ती जाळी जप्त करा." आवाज चढवून नाही, सरळ. मी सुट्टीवर आलो होतो, पाळीवरच होतो. दादा पाण्यात उतरला. त्याला तेवढ्या पाण्यात चालायला किती वेळ लागला... चुलत्याच्या बायकोच्या हातातली जाळी त्यानं दोन्ही हातांनी घेतली, प्रसाद घ्यावा तशी. काकी एवढंच म्हणाली, "घे बाप्पा. तुह्या बापानंच विणून देल्ली होती." आणि ओल्या लुगड्यानं वर चढून घरी गेली. साहेबानं दादाला शाबासकी दिली. त्या दिवसापासून वस्तीत दादाला कोणी सोमा म्हटलं नाही. चौकीदार. समोर आला तर वाट द्यायचे, "या चौकीदार." या आदरानं माणूस जळतो. त्याच चौकीदारीच्या पगारावर मी शिकलो, मास्तर झालो, आज हे लिहितो आहे. माझ्या अंगातल्या सदऱ्याचीही मला कधीकधी शरम वाटते.

आणि एवढं करून मिळवलं काय? बी आलं. पत्र्याच्या डब्यांतून आलं, फुलं उधळून सोडलं, फोटो निघाला. सांडव्याला लावायची जाळी मात्र आली नाही. साहेबानं ती कधीचीच मागितली होती. वरच्या कचेरीनं बी वेळेवर पाठवलं आणि जाळी विसरली. आषाढात तलाव भरला, सांडवा धो धो वाहू लागला, आणि सरकारची सगळी मासळी धानाच्या बांध्यांत पसरली. दादा एकटा तट्टे आणि बांबू घेऊन सांडव्यात उभा होता. एक तट्टा लावायचा, पाणी तो घेऊन जायचं, दुसरा लावायचा. हाक मारली त्यानं. वस्ती पाळीवर उभी होती. कोणी खाली उतरलं नाही. साहेबाची बदली झाली. चौकीदाराची जागा तुटली. बांध्यांमध्ये पोरंसोरं टोपलीनं रोहू धरत होती तेवढंच काय ते आमचं मत्स्यपालन!

त्यानंतर सोसायटीला एकदाची मान्यता मिळाली आणि तलाव एका सालापुरता ढिवरांकडे आला. किती उन्हाळ्यांनी मोठं जाळं लागणार होतं! दादा हिवाळाभर विणत बसला होता. त्या दिवशी तो पहाटेच पाळीवर गेला आणि आपला नवा तुकडा भागाकाकीच्या तुकड्याशेजारी अंथरला, कारण आमचं घर तिच्या घराला लागून. बाया शिवत आल्या. दादाचा तुकडा आला तेव्हा कोणी नाही म्हटलं नाही. फक्त पलीकडचा तुकडा ओढून काकीच्या तुकड्याला शिवला आणि पुढे सरकल्या. दादानं आपला तुकडा गोळा केला, मांडीवर घेतला आणि मासळी निघेपर्यंत तिथेच बसून राहिला. मी म्हटलं, "चल न घरी." तो म्हणाला, "बसू दे. उठून गेलो त म्हनतीन राग आला." संध्याकाळी वाटे पडले आणि भागाकाकी स्वतः आमच्या दारात आली, टोपल्यात पुरा वाटा घेऊन. तुकडा जाळ्यात नव्हता, तरी वाटा. वहिनीनं रांधला. दादानं भात खाल्ला, कालवणाला हात लावला नाही. मला वाटतं, त्याला शिव्या घातल्या असत्या, वाळीत टाकलं असतं, तर तो सावरला असता. त्या वाट्यानं तो खचला.

दादाची तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी काकी आली. वहिनीला म्हणाली, "पोरी, वैशाखात जाळं लागंल. तुह्या घरचा तुकडा काढून ठेव." सालोसाल तलाव सोसायटीच्या हातात राहतो की पुन्हा लिलावात जातो, हे अजूनही तहसिलीतल्या मर्जीवर आहे, यंदाचं कोणालाच ठाऊक नाही. पण मला तेव्हा तलाव सुचत नव्हता. माझं डोकं फिरलं. बाईमाणसाच्या घरचा तुकडा नाकारायचा नाही, हा नेम! म्हणजे दादाच्या घरचा तुकडा जाळ्यात जायला दादानंच मरायला हवं होतं. मी बोलून गेलो, "काकी, तो होता तवा काऊन नाई?"

काकी उंबऱ्यावर बसली. लुगड्याच्या पदरानं तोंड पुसलं. "त्याच्या बाजूचा तुकडा माहाच होता न बापा... सुई माह्याच हातात होती. समोरची बाई म्हने, त्याचा शिवाचा का? मी मानच वर नाई केली." पुढे म्हणाली, "वाटा देऊन आलो, त वाटलं फिटलं. काई फिटलं नाई गा."

वहिनी एवढ्यात माळ्यावर चढली होती. एक तुकडा काढायला गेली आणि एकामागून एक खाली टाकत राहिली. त्या उन्हाळ्यानंतर प्रत्येक हिवाळ्यात दादा नवा तुकडा विणत होता. पक्का करून, घडी घालून, माळ्यावर. पाळीवर नेला एकही नाही. पाण्याचा थेंब न लागलेल्या त्या तुकड्यांचा ढीग आमच्या तिघांच्या मध्ये पडला होता, आणि त्याच्याकडे बघायची आमची कोणाची छाती होत नव्हती. शेवटी वहिनीनंच विचारलं, "यातला कोनता आनू काकी?"

काकीनं ढीग जवळ ओढला. एकेका तुकड्याच्या गाठी बोटांनी चाचपून पाहिल्या. कितीतरी वेळ पाहत होती. मग म्हणाली, "सगळे आन. मीच शिवतो सगळे." आणि उठताना, गुडघ्यावर हात टेकून, नेहमीच्या करड्या आवाजात : "वाटा मातर एकच भेटंल."