लिफ्टच्या फटीतून इंग्रजी

माझा मेहुणा लिफ्ट दुरुस्त करतो आणि तीन वर्षं मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये इंग्रजी बोलायला शिकतोय. तिथे सगळेच शिकाऊ. रोज नवा जोडीदार, म्हणून रोज पहिल्यापासून स्वतःची ओळख: नाव, काम, छंद. त्यापुढे याची गाडी कधी सरकलीच नाही. घरात मात्र तोरा असा, जणू साहेबाचा जावई! छंद म्हणे बागकाम. घरात साधी कुंडी नाही.

काल हॉटेलच्या लिफ्टमध्ये एक परदेशी पाहुणा अडकला. "किती वेळ लागेल?" तो आतून इंग्रजीत ओरडला. आमच्या दीडशहाण्याने हातातला पाना खाली ठेवला आणि दाराच्या फटीतून त्याला नाव, काम, छंद ऐकवले.

संध्याकाळी ग्रुपवर फुशारकी मारत होता, "आज खऱ्या इंग्रज माणसाशी वीस मिनिटं बोललो. जागचा हललासुद्धा नाही!"