काकांच्या नावाचा कठडा

आमच्या घळीतल्या स्टीलच्या कठड्याला मी हात लावत नाही. एकदा लावला होता. घरी येऊन साबणाने कितीही चोळला, तरी तो हात ताटाकडे नेववेना. हा कठडा म्हणे माझ्या काकांसाठी बांधला आहे.

गोकुळदासकाकांचे डोळे लहानपणीच तापात गेले. वाळपईच्या पुढे डोंगराला लागून आमचा वाडा, आणि त्यामागे दोन कड्यांच्या मधून व्हाळ, म्हणजे ओढा, वाहत येतो ती घळ. घळीच्या टोकाला भिरंडांची, म्हणजे कोकमाची झाडं. उन्हाळ्यात खाली पडलेली भिरंडं वेचायची, सोलं वाळवायची आणि बाजारात विकायची, हा काकांचा उद्योग. वेचायला ते एकटेच जायचे, अनवाणी. व्हाळ डाव्या कानाला वाजतोय तोवर सरळ. आवाज दबला की मोठा खडक आला. पायाला मुळं लागली की चढ सुरू. लहानपणी मी फार शहाणपणाने त्यांचा हात धरायला गेले, तर त्यांनी तो सोडवून घेतला.

"गौरवी, माका हात धरूक कोण नाका. व्हाळ आसा," ते म्हणाले.

मग कुणीतरी घळीचे फोटो मोबाइलवर टाकले आणि आमचे ग्रह फिरले. हरमलच्या समुद्रकिनारी उतरलेले पाहुणे भाड्याच्या स्कूटरी घेऊन इथवर यायला लागले. म्हातारे, पोरंबाळं, अपंग, सगळ्यांना जाता यावं म्हणून 'सर्वांसाठी वाट' मंजूर झाली. मुळं तोडली, खडक फोडला, वर सपाट काँक्रीट ओतलं आणि एका बाजूने कठडा ठोकला. फीत कापायला काकांना उभं केलं. अशा फोटोत आंधळा माणूस शोभून दिसतो ना.

पंच सुदेश त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, आतां तुका कोणाची गरज ना."

"पयली तरी खंय होती?" काका म्हणाले. लोक हसले आणि टाळ्या पडल्या.

पुढच्या मे महिन्यात एका रविवारी काका टोपली घेऊन निघाले. मी कचरा उचलायला पोतं घेऊन मागे होते. शिसारी यावी असं सगळं. ज्या कोंडीतलं पाणी आम्ही ओंजळीने प्यायचो, तिथे शाम्पूचा फेस. खडकाच्या आडोशाला चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांनी करून ठेवलेली घाण, त्यावर माश्या. पुढे एक टोळकं स्पीकर लावून नाचत होतं, मागे दुसरं. कठड्यावर ओल्या चड्ड्या वाळत होत्या आणि गुटख्याचे ओघळ होते. काका त्याच कठड्याला धरून चालले होते, कारण पायाखाली आता ओळखीचं काहीच उरलं नव्हतं.

खाली कचरा नको म्हणून कुणा सुसंस्कृत आईबापांनी पोराचा भरलेला डायपर कठड्यालाच बांधून ठेवला होता. मी ओरडेपर्यंत काकांचा हात त्यात गेला.

त्यांनी कठडा सोडला. हात धुवायला व्हाळाकडे वळायचं म्हणून दोन पावलं टाकली. कान पुढे केला, मग मागे फिरवला. दोन्हीकडून नुसता धडधडाट. पायाने चाचपलं, तर चारी बाजूंना तेच काँक्रीट. काका वाटेच्या मधोमध थांबले. त्या घळीत त्यांना असं अडून उभं राहिलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. एक तरुण मोबाइल रोखून म्हणाला, "अंकल, इधर देखो."

मी धावत गेले आणि गाणं बंद करा म्हणून त्याच्यावर खेकसले. जागा सगळ्यांची आहे, असं त्याने मला शांतपणे सुनावलं. त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती, आणि दिली नाही याचा मला आजही राग येतो.

माझा आवाज ऐकून काका वळले. बरबटलेला हात त्यांनी अंगापासून लांब धरला आणि दुसरा माझ्याकडे केला.

"गौरवी, हात दी गो," ते म्हणाले. "व्हाळ खंय तो कळना माका."