कवडूने मासोळी सोडली

"सात्या काऊन नाही खात? त्याले का पाय हायेत, का डोळे हायेत?" धुरपता चुलीपुढून ओरडली.

"डोळे नाही, पर चव तं मटनाचीच हाय न!" कवडूनं ताट दूर सारलं.

"चव मटनाची म्हणून मटन झालं? मंग तुमचा आवाज बैलासारखा हाय, तुमाले दावणीले बांधू?"

हे भांडण कुंपणापलीकडच्या साऱ्यांनी ऐकलं. सात्या म्हणजे श्रावणात वारुळावर उगवणाऱ्या पांढऱ्या छत्र्या. त्या मिळाल्या की झाडीतला माणूस घरी पळत येतो, आणि इथे हा बाप्या ताट सारून बसलेला. धुरपताचं डोकं फिरेल नाही तर काय!

कवडू बोदलकशाच्या बाजूच्या गावचा. घरची धानाची शेती. गावची बोडी, म्हणजे मातीची पाळ घालून पाणी अडवलेलं लहान तळं, त्याच्या पणज्यानं बांधलेली, म्हणून तिच्या मासोळीचे वाटे घालायचा मान त्याच्या घराकडे. आणि मासोळीशिवाय भात म्हणजे त्याला पाळीशिवाय बोडी. हा माणूस मासोळी सोडेल असं कोणी म्हटलं असतं, तर लोक पोट धरून हसले असते.

पण स्वराज्य आलं त्याच्या दुसऱ्या साली त्याच्या एकुलत्या एक पोरीला, वच्छलाला, मुदतीचा ताप आला. कपाळावरची ओली चिंधी पाहता पाहता वाळून जाई. वैद्य झाले, झाडपाला झाला. तेव्हा देवळात एक हिंदी बोलणारा साधू उतरला होता. कवडूनं त्याचे पाय धरले. साधूनं त्याच्या गळ्यात तुळशीची कंठी बांधली आणि म्हणाला, "बच्ची बचेगी. मांस-मच्छी छोड दे." सकाळी साधू डोंगरगडाकडे निघून गेला. सांजेला पोरीनं डोळे उघडून पेज मागितली.

पोरीचा जीव आणि आपली जीभ एकाच गाठीत बांधली गेली, एवढं कवडूला पक्कं कळलं. बाकी काहीच कळलं नाही. अंडं मांसात जातं का? शिंगाडे तर मासोळीच्याच पाण्यात वाढतात, त्यांचं काय? आणि दूध? ते तर गाईच्या अंगातूनच येतं! नेम कुठं मोडतो हे माहीत नसलं, की पाऊल कुठं टाकायचं? चुकून मोडला तर ताप याला नाही, पोरीला येणार.

नागऱ्याच्या जत्रेत त्यानं एका पुजाऱ्याला विचारलं. पुजारी म्हणाला, "मन साफ ठेव, झालं." आता मनाचं काय करायचं, प्रश्न पोटाचा होता. गोंदियाच्या बाजारात गोपीचंद किराणावाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "भैया, पहले तो लसून-प्याज छोडो!"

घरी येऊन कवडूनं ते सांगितलं. धुरपतानं पळी खाली ठेवली. "लसून बी सोडा. मंग मीठ सोडा. मंग मले सोडा, मी बी मासोळी खातो!"

लसूण राहिला. पण प्रत्येक घासाला कवडूचा हात आधी वच्छलाच्या कपाळाकडे जाई, मग ताटाकडे.

वैशाखात बोडीचं पाणी उतरलं, जाळी पडली. कवडू पाळीकडे फिरकलाच नाही. मग गावातल्याच मंगरूनं पुढं होऊन वाटे घातले. मोठ्या मरळी नेमक्या त्याच्या साळ्याच्या ढिगात गेल्या. शिव्या झाल्या, काठ्या निघाल्या, आणि त्या गोंधळात म्हाताऱ्या जमुनाबाईचा वाटा पायाखाली चिखलात गेला. ती एकटी बाई. तिचा पावसाळा त्या वाळवलेल्या मासोळीवरच निघायचा.

ती काठी टेकत कवडूच्या दारी आली. "कवडू, पुढच्या आठवड्यात पुन्हा जाळी पडून रायली. तू नको खाऊ न बापा, तुले कोण खा म्हणते? पर माहा वाटा तं घालून दे."

"काकी, हात लावला तं खाल्ल्यासारखं होते का?"

"मले का माईत? मी का साधू हावो?"

"मंग कोणाले पुसू?"

"साधू तं गेला पळून. आता तुह्यासमोर मीच हावो. मले पुस."

"पुसलं."

"मले भूक लागते. एवढंच सांगता येते मले."

कवडू गेला. कंठी काढावी तर नेम मोडला. ठेवावी तर कंठीलाच मासोळीचा वास. शेवटी ती गमछ्याखाली दडवून तो पाळीवर बसला. पळसाच्या पानांवर डोकं, शेपूट, मधला तुकडा, वर मूठभर झिंगे, असे त्यानं सारखे ढीग लावले. जो तो आपला ढीग उचलून घरी गेला. जमुनाबाईचा वाटा त्यानं स्वतः पोचवला, बोडीत अंग घासून आंघोळ केली, घरी आला आणि वच्छलाच्या कपाळावर हात ठेवून बसला.

"बाबा, मले खेळाले जाऊ द्या न," पोरगी कुरकुरली.

"बस इथंच."

दुपार झाली, भात निवला. एरवी त्याची खोडी काढणारी धुरपता चुलीपुढून उठली. हात पदराला पुसत आली आणि तिनंही पोरीचं कपाळ पाहिलं. थंड होतं.

पण आज ताप आला नाही म्हणजे उद्या येणार नाही, असं कोणी सांगितलं होतं? कवडूला कधीच कळलं नाही. दरसाल तो वाटे घालायचा, काकीचा वाटा पोचवायचा, आंघोळ करायचा आणि पोरीचं कपाळ पाहायचा. वच्छलाचं लग्न होऊन ती नागझिऱ्याच्या जंगलापलीकडे गेली, तर तो जंगल तुडवत तिच्या सासरी जाऊ लागला. व्याही म्हणत, "पोरीची लई माया दिसते." कवडू मान हलवायचा. खरं काय ते सांगणार कसं?

महाराष्ट्र झाला त्या साली वैशाखात तो गेला, ते त्याचं शेवटचं जाणं. पुढचा पावसाळा त्यानं पाहिला नाही.

वच्छला अंगणात धान पाखडत होती. बाप दिसला तशी तिनं सूप ठेवलं, कपाळावरचे केस मागं सारले आणि पुढं आली. "ताप नाही, बाबा."

"पाहू दे."

"तुमचाच हात तापला हाय."

"उन्हाचा हाय. चालून आलो न."

तिनं ताट वाढलं. तो भाजीकडे पाहत राहिला. "काय केलं व?"

"आलू-वांगे."

"वांग्यात कधीमधी अळी निघते."

"पाहून चिरले, बाबा. जेवा."

त्यानं एक फोड उघडून पाहिली, मग दुसरी. मग जेवला. उठताना आणखी एकदा पोरीच्या कपाळाला हात लावला, गमछा डोक्याला गुंडाळला आणि दरसालसारखी जंगलाची वाट धरली.