रुमालाखालचं पिस्तूल

“बाईमाणसाला पिस्तुलातलं काय कळतं?”

“पिस्तुलातलं नसेल कळत, तुमच्यातलं कळतं ना!”

“तू गप बस!”

“गप बसायला मला या घरात दिली नव्हती!”

सिंधीपुऱ्यातल्या आमच्या घरात ऐन दिवाळीच्या तोंडावर हे भांडण पेटलं होतं. एका बाजूला आमचे हे, कापसाचे व्यापारी. दुसऱ्या बाजूला मी. आणि मधे पाटावर ते पिस्तूल. काळं, चपटं, तळहातात मावेल एवढं. भांडण कसं संपलं ते सांगते, पण आधीचं ऐकल्याशिवाय त्यात मजा नाही. कापसाच्या घरात कितीही झाडा, कोपऱ्यात रुई साचतेच. पिस्तुलाच्या घरात तसे किस्से साचतात! नातवंडं म्हणतात, “आजी, ते पिस्तुलाचं सांग ना.” अरे, पण कोणतं सांगू?

*

ते दिवसच तसे होते. इंग्रज गेला होता, संस्थानं एकामागून एक विलीन होत होती. काल ज्या नाक्यावर होळकरांचा शिपाई बसायचा, तिथं आज दुसरीच टोपी! डोंगरापलीकडे निजामाची हद्द, तिकडून रोज नवी अफवा यायची. खरी कोणती, खोटी कोणती, कोण सांगणार? आणि ह्यांना तर कापसासाठी खेडोपाडी हिंडायचं.

अशात एका ओळखीच्या व्यापाऱ्याची बैलगाडी सकाळी त्याच्या दारात येऊन उभी राहिली. बैलांना रस्ता पाठ होता. गाडीत मालक नव्हता. तो पुढे कधीच आला नाही.

त्या दिवसापासून ह्यांच्या गाडीची घुंगरं कानावर पडेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरेना. “काहीतरी जवळ ठेवा,” असं पहिल्यांदा मीच म्हटलं. हे लपवून काय करू? पिस्तूल घरात आलं ते माझ्या भीतीनं.

*

लायसन्स मिळेपर्यंत चपला झिजल्या. मग आम्ही इंदूरला बंदुकांच्या दुकानात गेलो. हे, मी आणि माझे धाकटे दीर, नानाभाऊजी. भाऊजींनी जन्मात उंदीर मारला नव्हता, पण हत्यारांतलं सगळं त्यांना माहीत! त्यांनी सगळ्यांत मोठं रिव्हॉल्व्हर उचललं. “दादा, हेच घ्या. नुसतं बघूनच चोर पळेल!”

मी म्हटलं, “लपवायचंय की दाखवायचंय, ते आधी ठरवा.”

दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. “बाईसाहेब, इथं रोज मोठमोठे लोक येतात. हा सवाल कोणी करत नाही.” मग त्यानं मोठी हत्यारं उचलून आत ठेवली आणि लहान पिस्तुलं मांडली. एक जाड होतं, बंडीच्या खिशात फुगलं असतं. दुसऱ्याचा घोडा बाहेर होता, तो काढताना कापडात अडकला असता. “चोर काय घोडा सुटेपर्यंत थांबेल?” मी विचारलं. तिसरं चपटं, घोडा आतल्या आत.

भाऊजी नाक मुरडून म्हणाले, “हे तर अडकित्त्याएवढं आहे!”

“मग? अडकित्त्यानं सुपारी फुटत नाही का?”

पण खरी गंमत पुढेच. आमच्या कापसाच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. खांद्यावरचा मोठा रुमाल हातांवर टाकायचा आणि खाली बोटं दाबून सौदा करायचा. त्याला हत्ता म्हणतात. ह्यांची ती सवय हाडात गेलेली. ह्यांनी पिस्तुलांवर रुमाल टाकला आणि खाली हात घालून एकेक चाचपायला लागले!

“शेठ, हे काय?”

“हाताला कसं बसतं ते बघतोय. डोळे फसवतात.”

तिसरं पसंत पडलं. आता भाव. ह्यांनी दुकानदाराचाच हात रुमालाखाली ओढला आणि बोटं दाबली. बिचारा ओरडला, “अहो, तोंडानं बोला ना! माझी अंगठी काढताय की काय?”

*

पिस्तूल आलं, पण ठेवायचं कुठं? सायबाच्या पँटीला पॉकेट असतं. आमच्या ह्यांचं धोतर!

आधी कमरेला खोचलं. टांग्यात चढताना ते घसरून गुडघ्यापाशी आलं, आणि हे एक पाय आखडून सगळ्या बाजारातून घरी आले. मग मी बंडीला आतून खिसा शिवला. झालं काय, बंडी एका बाजूनं ओढायला लागली आणि हेही त्या बाजूला वाकून चालायला लागले. जो भेटेल तो विचारायचा, “शेठ, पाठीत उसण भरली का?”

सासूबाईंना आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. त्या रोज ओव्याची पुरचुंडी गरम करून लेकाची पाठ शेकायच्या. हे निमूट शेकून घ्यायचे. शेवटी मी दुसऱ्या खिशात अडकित्ता टाकला, तेव्हा कुठं बॅलन्स आला!

हसायचे आम्ही. पण तो खिसा शिवताना सुई तीनदा बोटात शिरली होती, हेही ऐका.

*

दसरा आला. आमच्याकडे आपट्याचं सोनं देताना मिठी मारायची पद्धत. मिठी मारली की छातीला छाती लागणार, आणि खिशातलं लोखंड समोरच्याला टोचणार! हे सीमोल्लंघनाला गेले तेच घाबरत घाबरत.

ह्यांनी काय करावं? जो मिठी मारायला हात पसरेल, त्याच्या पाया पडायला लागले! म्हातारे खूश झाले. बरोबरीचे चक्रावले. नानाभाऊजी सोनं घेऊन आले, तर हे त्यांच्याही पाया पडले. थोरला भाऊ धाकट्याच्या! भाऊजींना रडूच फुटलं. “दादा, तुम्ही वाटण्या करताय का? सरळ सांगा!”

घरी परतलो तर सासूबाईंनी पाटावर विळा, कोयता, कातर मांडून पूजा केली होती. ह्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, “ते पण ठेव रे पाटावर. कुंकू लावू दे.”

“काय ते, आई?”

“मी काय इतके दिवस तुझ्या पाठीला ओवा शेकत होते? खिशाला शेकत होते!”

*

दसऱ्यानंतर कापसाचा हंगाम उघडला. पहिला सौदा करीमचाचांचा, ही आमच्या गादीची जुनी रीत. करीमचाचा दलाल. पांढरी दाढी, अंगाला अत्तर. निंबोल्यासारख्या गावांतल्या सगळ्या शेतकऱ्यांचा माल त्यांच्या शब्दावर आमच्याकडे यायचा. माझ्या सासऱ्यांबरोबर त्यांचा हत्ता, मग ह्यांच्याबरोबर.

चाचा येऊन गादीवर बसले. हे मांडी घालून समोर बसले. पुढे वाकताना बंडी लोंबली, जड खिसा मांडीवर आला. रुमाल पडला, चाचांचा हात आत गेला. मी चहा घेऊन दारात उभी होते, मला चाचांचा चेहरा दिसत होता. तो एकदम उतरला. हात रुमालाखालीच, पण बोटं हलेनात.

मग त्यांनी हात सावकाश बाहेर काढला. “शेठ, आज भाव नहीं बैठता.”

चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी चाचा आले नाहीत. निंबोल्याचे शेतकरी आले, पण पायरीखालीच उभे राहिले. “शेठ, भाव तोंडानं सांगा!” आमच्या बाजारात याहून मोठी शिवी नाही. गादीवर रुमाल तसाच घडी घालून पडून राहिला.

मी गल्लीत चाचांना गाठलं. “चाचा, गुस्सा आला का?”

“नहीं बेटी. डर लगा. शेठ को मेरा डर, मेरे को शेठ का. दो डर एक रूमाल के नीचे कैसे बैठेंगे?”

मी तडक घरी आले.

*

आता त्या भांडणाकडे. मी पिस्तूल त्यांच्या खिशातून काढून पाटावर ठेवलं होतं. म्हटलं, “रस्त्यानं जाल तेव्हा न्या. गादीवर बसताना पेटीत ठेवा.”

“आणि गादीवरच कोणी आलं तर? ती रिकामी गाडी विसरलीस?”

“मी विसरेन? घास माझा अडतो, तुमचा नाही!”

नानाभाऊजी म्हणाले, “वहिनी, दादांचं बरोबर आहे. दिवस वाईट आहेत.”

“दिवस वाईट आहेत, करीमचाचा नाहीत.”

“तुला धंद्यातलं काय कळतं?” हे ओरडले.

हे मात्र लागलं. मी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. अक्षरं शिकले ती रुईच्या गाठींवरच्या शिक्क्यांवरून. आणि हत्त्याची बोटं शिकले ती ह्यांच्याकडूनच. नवे नवे गादीवर बसायला लागले तेव्हा चुकायला नको म्हणून हे माझ्या पदराखाली माझ्याच हातावर सराव करायचे. मी भाजी निवडता निवडता सगळा बाजार शिकले होते!

“पिस्तूल मी अंगावेगळं करणार नाही,” हे म्हणाले. तो राग नव्हता, मला कळत होतं. “माझ्याशी हत्ता करायला कोणी हात पुढे करत नसेल, तर मी काय करू?”



मी पिस्तूल उचललं, ह्यांच्या हातात दिलं. खुंटीवरचा रुमाल काढला, माझ्या खांद्यावर टाकला आणि म्हटलं,

“तुम्ही खुशाल पिस्तूल सांभाळा, उद्यापासून गादीवर मी बसते, रुमालाखाली हात मी घालते!”