चाचांच्या शेडमधले निर्भय पक्षी

पिल्लं आणि खाद्य कंपनीचं, शेड आणि मेहनत मालकाची, आणि सगळं नीट चाललंय की नाही हे बघायला मी. म्हसळ्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या शेडांमधले ब्रॉयलर पक्षी सुखात आहेत का, हे ठरवण्याचा मला पगार मिळतो. माणसांना एवढं कुणी विचारत नाही, असं माझा नवरा म्हणतो.

लंगडे पक्षी ओळखायची रीत सोपी आहे. शेडमधून सावकाश चालत जायचं. धडधाकट पक्षी उठून बाजूला होतो, पायाने अधू असलेला बसून राहतो. बसलेले फार निघाले तर मालकाला पुढची पिल्लं मिळत नाहीत.

म्हसळ्याजवळचे एक चाचा कुवेतची नोकरी सोडून या धंद्यात पडले होते. मी पहिल्यांदाच त्यांच्या शेडमध्ये शिरले आणि चालू लागले. कुणी उठेना. टाळी वाजवली. एकाने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. हुश हुश केलं, पाय आपटले. दुसरा एक माझ्या बुटांवरचं प्लास्टिक चोचीने ओढायला लागला. म्हणजे सगळी शेडच लंगडी! चाचांचं तोंड एवढंसं झालं.

"बाय, आजारी न्हाय ती," ते म्हणाले. "घाबरत न्हाय, एवढंच."

"का नाही घाबरत?" मी खेकसले.

"कशाला घाबरतील? मी हितंच असतो."

शेडच्या मधोमध एक प्लास्टिकची खुर्ची होती. पिल्लं आली त्या दिवसापासून चाचांचा चहा-पाव, पेपर आणि दुबईच्या मुलाशी व्हिडिओ कॉल, सगळं तिथेच. शेडमध्ये खायचं नसतं, हे मी त्यांना सुनावलं. शिवाय कुणाच्या मायेवर भरवसा ठेवून मी शेरा देत नाही.

"मग उठवून दाखवा," मी म्हटलं.

चाचा पलीकडच्या टोकाच्या दाराकडे चालू लागले. आणि अख्खी शेड उठली. पुढे चाचा, मागे सगळी पांढरी वरात. दोनचार खरे लंगडे तेवढे मागे राहिले, ते मी उचलून बाजूला केले. बाकीच्यांतले काही धरून तळवे पाहिले, स्वच्छ होते. खाली अंथरलेलं भाताचं तूसही कोरडं होतं. मी 'उत्तम' शेरा दिला आणि बाहेर येऊन चाचीच्या हातचं सांदण खाल्लं. चाचा कोंबडी खात नाहीत, हे तेव्हा कळलं.

पक्षी न्यायला गाडी आली त्या संध्याकाळी मी मुद्दाम गेले. भरताना पक्ष्यांची आबाळ होते, तेही बघावं लागतं. भरणारी माणसं खुशीत होती.

"हितली पळतच न्हाय," त्यांच्यातला एक म्हणाला. "बसल्या जागी उचलायची."

खुर्ची रिकामी होती. मला रागच आला. मालकाने अशा वेळी हजर असायला नको?

"श्रीवर्धनला गेलेत, सुपारी बघायला," चाची म्हणाली. "गाडीच्या दिवशी दर वेळी कायतरी काम काढतात."

मग गाडीकडे पाठ करून ती म्हणाली, "ते हितं असते, तर ही सगळी त्यांच्या मागनं चालत गाडीपर्यंत गेली असती."