पत्र्याखालची नाव

कुणी जुन्या वस्तू जपायच्या गोष्टी काढल्या की माझं डोकं फिरतं. घरातले म्हणतात, म्हातारपणी तापट झालात. अहो, तापट मी चोविसाव्या वर्षीच व्हायला हवं होतं. तेव्हा तर मी नाक वर करून हिंडत होतो. तापीकाठच्या एका गावात शाळेवर मास्तर होतो, स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती आणि आपण काहीतरी मोठं करून दाखवणार अशी माझी खात्री होती. गावाचं नाव सांगत नाही. माणसं अजून नांदतायत तिथं, आणि ती माझ्यापेक्षा वाईट होती असंही नाही.

गाव नदीच्या अल्याड, धरणगावचा बाजार पल्याड, आणि निम्म्या गावाची कपाशीही पल्याडच. मध्ये तापी. ती ओलांडायला एकच नाव होती, सागाची, चांगली रुंद, बैलगाडी चाकांसकट चढायची. नाव वल्हवणारा साठीचा माणूस होता. सगळा गाव त्याला नाना म्हणायचा, त्याच्या बायकोला अक्का. नाव नानाच्या आजानं बांधलेली. गावकऱ्यांकडून नाना उतराई, म्हणजे पल्याड नेण्याचे पैसे, घेत नसे. ज्वारी निघाली की प्रत्येकाच्या खळ्यावर जायचं आणि सूपभर दाणे घ्यायचे, हा त्याचा पिढीजात हक्क. त्यावर दोघांचं वर्ष निघायचं. मूलबाळ नव्हतं. कधीतरी मोठ्या पुरात नानाच्या बापानं खालची आळी या नावेतून काढली होती, म्हणून बायका नदीची ओटी भरताना नावेलाही हळदकुंकू लावायच्या.

मग दीड कोसावर सरकारनं पूल बांधला. गाड्या पुलावरून जाऊ लागल्या. तरी नाव बंद पडली नव्हती बरं का. पल्याडच्या शेतात निंदायला, कापूस वेचायला जाणाऱ्या बायका कशाला तीन कोस चालतील? त्या नावेनंच जायच्या. नानाचं भागत होतं.

असं सगळं नीट चाललेलं असताना मी पेपर वाचला. तो दोन दिवस शिळा होऊन यायचा, आणि मी तो पारावर बसून मोठ्यानं वाचून दाखवायचो. त्यात एक मजकूर होता. परदेशात कुठल्याशा मोठ्या नदीवरच्या जुन्या आगबोटी मोडीत काढायच्या ठरल्या होत्या. तिथल्या लोकांनी वर्गणी जमवली, बोटी वाचवल्या, नदीचा काठ नीटनेटका केला, आणि आता लांबलांबून माणसं त्या बघायला येतात. ऐकणारे म्हणाले, वा! मी पेपरची घडी घातली आणि म्हणालो, "आपल्याकडे आगबोट नाही, पण नाव तर आहे!"

बस. हे वाक्य माझं. दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची सोय नाही.

सरपंचांना गाव आबा म्हणायचा. माणूस उमदा, हसरा, खर्चाला मागेपुढे न पाहणारा. त्यांनी ती कल्पना अशी उचलली की विचारू नका. कमिटी झाली. चिटणीस अर्थातच मी. घाटाच्या पायऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या गाळात बुडाल्या होत्या, त्या श्रमदानानं मोकळ्या करायचं ठरलं. महिनाभर सकाळी सकाळी अख्खा गाव फावडी-पाट्या घेऊन घाटावर. बायका गाणी म्हणायच्या, आबा स्वतः पाटी उचलायचे. अठ्ठावीस पायऱ्या निघाल्या, काळ्या कुळकुळीत दगडाच्या. खोटं कशाला बोलू, तो महिना मला फार गोड गेला. एवढी एकी मी पुन्हा कुठं पाहिली नाही. घाटाच्या माथ्यावर नावेसाठी छप्पर घालायचं होतं, तर आबांनी आपल्या गोठ्यावरचे पत्रे काढून दिले. माझी गुरं भिजतील, पण नाव भिजायला नको, म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नानाला कुणी विचारलंच नव्हतं. एके दिवशी तोच शाळेत आला. दाराशी उभा राहिला, आत या म्हटलं तरी येईना.

"गुरुजी, नावले पाणी लागस," तो म्हणाला. "भाईर काढी ते सुकी जाई. फळ्या उकली जाथीन. आनि मी काय खासू?"

नावेला पाणी लागतं. बाहेर काढली तर सुकेल, फळ्या उकलतील. आणि मी खाऊ काय? एवढं सरळ बोलणं होतं. पहिलीतल्या पोराला कळलं असतं. मी मात्र त्याला पूर्वजांच्या ठेव्यावर पाव तास व्याख्यान दिलं. शेवटी म्हणालो, "आणि नाना, एवढा गाव तुम्हाला उपाशी ठेवील का?" तो निघून गेला. मला वाटलं, पटलं त्याला. मूर्ख!

आबांपाशी तो पुन्हा एकदा बोलून पाहायला गेला होता. आबा हसून म्हणाले, "नाव तुन्हा आजानी बांधी, नाना, पन तिन्हामा बसनं कोन? बठ्ठं गावच ना!" म्हणजे तिच्यात बसलं सगळं गाव, तर नावही गावाचीच.

सोहळ्याला मामलेदार आले. घाट माणसांनी फुलून गेला होता. आता त्या गावची एक रीत सांगतो, ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पंचांसमोर नारळ हातात घेतला की शब्द दिला. मग तो फिरवायचा नाही. लग्नं अशीच जमायची, बांधाची भांडणं अशीच मिटायची. कागद लागत नसे. नारळ घेऊन शब्द फिरवणाऱ्याच्या घरचं पाणीदेखील कुणी पीत नसे.

नानाला पुढं बोलावलं. टोपी घातली, खांद्यावर उपरणं टाकलं. आबांनी नाव गावाला दिल्याचा नारळ पुढं केला. नानानं हात पाठीमागे बांधले. लोकांना वाटलं, लाजतोय. हशा पिकला. आबा म्हणाले, "घे ना रे, साहेब थांबेल शेतस." बायकांच्या घोळक्यातून अक्का ओरडली, "लेवू नका! तो नारळ लेवू नका!" आणखी मोठा हशा. मामलेदारांनी घड्याळ पाहिलं. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं, कार्यक्रम रखडत होता, माझी लाज जात होती. मी पुढं झालो, नानाचं मनगट धरलं, हात पुढं ओढला, नारळ त्याच्या पंजात ठेवला आणि वर त्याची बोटं मिटली. माझ्या हातानं. टाळ्यांचा कडकडाट झाला. सत्कार कसला, चारचौघांत त्याच्या तोंडाला पानं पुसली आम्ही.

मग आठ बैलजोड्या लावून, बाभळीच्या ओंडक्यांवरून नाव वर ओढली. गुलाल उधळला. दोन दिवस तिच्या बुडातून पाणी ठिबकत होतं आणि नाना शेजारी बसून ते बघत होता.

त्या वर्षी ज्वारी निघाल्यावर नाना सूप घेऊन खळ्यावर गेला. पहिल्याच खळ्यावर त्याला ऐकावं लागलं, नाव तर आता गावाची झाली, मग सूप कसलं मागतोस? दुसऱ्यानं तेच सांगितलं. तिसऱ्यानं तर, तुझा सत्कार केला ना, असं विचारलं. गावानं बसून ठरवलं वगैरे नव्हतं. ज्यानं त्यानं आपापल्या खळ्यावर एकच हिशेब केला. नाना रिकामं सूप घेऊन घरी गेला. मी शाळेच्या ओट्यावरून त्याला जाताना पाहिलं आणि उद्या आबांशी बोलू असं ठरवलं. तो उद्या काही आला नाही.

अक्का कापूस वेचायला जाऊ लागली, पल्याड, पुलावरून, जाऊन येऊन सहा कोस. तिच्याबरोबरच्या बायका वाटेनं कमिटीला शिव्या घालायच्या असं कानावर आलं. मी हसण्यावारी नेलं. नानाला वल्ह्याशिवाय काही येत नव्हतं. विळा धरला तर बोट कापून घ्यायचा. मजुरीला त्याला कोण बोलावणार?

त्याचं एक काम मात्र चालू होतं. रोज सकाळी नदीवरून घागरी भरायच्या, अठ्ठावीस पायऱ्या चढायच्या आणि नावेवर ओतायच्या. चैत्र-वैशाखात तर वीस-वीस घागरी. आम्ही नावेला निळा तैलरंग दिला होता, पुढच्या टोकाला शेंदूर फासला होता. पाण्यानं रंगाला फोड आले, शेंदूर ओघळला. आबा चिडले. "येडा व्हयी गया का हाऊ?" म्हणाले. मग छपराभोवती काट्यांचं कुंपण घातलं आणि त्यावर पाटी लावली, नावेस स्पर्श करू नये. पाटी मी लिहिली. अक्षर सुरेख होतं माझं. ठरावही मीच लिहिला, की नावेचा कोणताही भाग कोणत्याही कारणानं कुणास काढता येणार नाही.

त्या उन्हाळ्यात फळ्या उकलल्या. नाना म्हणाला होता तश्शाच. दोन फळ्यांमध्ये माझं बोट जाईल एवढ्या फटी पडल्या. ती नाव पुन्हा पाण्यात घालायची सोय उरली नाही. आम्ही फटींत तेल-खडूची लांबी भरली, वरून रंगाचा हात दिला, आणि बघायला येणाऱ्यांना काही कळत नसे. तसं येत होतंच कोण म्हणा! दोन शाळांच्या सहली आणि एक तलाठी.

श्रावणात अक्काला ताप भरला. चार दिवसांत गेली. घरात दाणा नव्हता असं बायका पुढं बोलल्या, पुढं. आठ दिवस झड लागलेली, सूर्य दिसला नव्हता. सकाळी नाना शाळेत आला. या खेपेस थेट आत आला, पोरांच्या मधून, माझ्या टेबलापर्यंत. अंगावरून पाणी गळत होतं.

"अक्का गयी, गुरुजी," म्हणाला. "गावमा लाकडं वल्ली शेतस. नावन्या चार फळ्या द्या."

मागितलं काय, तर स्वतःच्या आजानं बांधलेल्या नावेच्या चार फळ्या! त्या क्षणी मी कुऱ्हाड घेऊन त्याच्याबरोबर निघायला हवं होतं. मी म्हणालो, "आबांना विचारायला हवं."

आबांच्या ओट्यावर कमिटीचे पाचजण जमले. नाना खाली अंगणात, पावसात. वर ये असं त्याला कुणी म्हटलं नाही, आणि तोही आला नाही. एकजण म्हणाला, आज याला दिल्या तर उद्या दुसरा मागेल. दुसरा म्हणाला, बायका तिला कुंकू लावतात, ती चितेवर घालायची? आबांचा मात्र जीव खालीवर होत होता. ते वाईट नव्हते हो! त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, तुम्ही सांगा," म्हणाले, "तुम्ही म्हनशात तसं."

सगळे माझ्याकडे बघू लागले. अंगणातून नानाही. मी हो म्हटलं असतं तर फळ्या मिळाल्या असत्या, हे मला तेव्हाही कळत होतं. पण हो म्हणायचं म्हणजे ती नाव मेलेली आहे हे कबूल करायचं, आणि ती मी मारली हेही. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "ठरावात तसं बसत नाही."

आबांनी मान खाली घातली. पाचहीजणांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. जाताना नानानं मला रामराम केला. तो रामराम मला आजही सहन होत नाही.

गावानं मदत केली, नाही कसं म्हणू? घराघरांतून पऱ्हाट्यांच्या मोळ्या आल्या, कपाशीची वाळकी झाडं. पण घरापासून घाटापर्यंत येता येता त्या भिजून चिंब झाल्या. कुणी मोडकी बाज दिली. रॉकेलची बाटली आबांनी पाठवली. चिता घाटाच्या खालच्या अंगाला, नदीलगत रचली. पेटवली की धूर व्हायचा, थोडा जाळ यायचा आणि पावसाची सर आली की विझायची. पुन्हा पेटवायची, पुन्हा विझायची. अक्काचे पाय तसेच बाहेर होते. नाना दोन्ही हातांनी उपरणं धरून जाळावर छप्पर करू पाहत होता. सत्काराचं उपरणं. त्याला दुसरं वस्त्र नव्हतं.

अंत्ययात्रेला आलेली सगळी माणसं पाऊस वाढला तशी पायऱ्या चढून वर आली होती. काट्यांचं कुंपण बाजूला सारून आम्ही चाळीस-पन्नासजण पत्र्याखाली दाटीवाटीनं उभे होतो. माझी पाठ नावेला टेकली होती. लाकूड खडखडीत वाळलेलं होतं, सदऱ्यातून जाणवत होतं. खाली धुरात नाना एकटाच ओणवा झालेला दिसत होता.

माझा एक खांदा पत्र्याबाहेर राहिला होता. मागून कुणीतरी मायेनं माझा दंड धरला आणि म्हणालं, "गुरुजी, आत सरका, भिजशात."

मी आत सरकलो.